गावी राहिला तो श्रावणबाळ, बाहेर पडला तो स्वार्थी?

कातळसडा :
‘आईबापाला गावी टाकून मुंबई-अमेरिकेला पळालेल्या स्वार्थी मुलांची नावं सातबाऱ्यावरून कमी करा,’ असं इथे ‘खळं-अंगण’ या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी काल लिहिलं. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी राजापूर तालुक्यातला. आमची आंब्याची कलमं आहेत. थंडी लांबली की मोहोर लांबतो, मोहोर आला की तुडतुडे आणि थ्रिप्स, त्यातून वाचलं तर मे महिन्यात अवकाळी. फवारणी, राखण आणि पेट्यांचा खर्च वजा करून दोन संसार चालतील एवढं उरत नाही. बाबांनीच मला मुंबईची गाडी धरायला लावली. पुढे त्यांना डायलिसिस लागलं, ते माझ्या पगारावर झालं. गावी राहिलो असतो तर नुसता उशाशी बसून राहिलो असतो.

आणि हे आजचं नाही. गिरण्यांच्या काळापासून कोकणातली चूल मनिऑर्डरवर पेटली. 1982च्या संपात ती बंद झाली तेव्हा कोण कोणाला पोसत होतं ते घराघरात कळलं. तेव्हा चाकरमान्याला कोणी स्वार्थी म्हटलं नव्हतं.

खळं-अंगण :
डायलिसिसचे पैसे तुम्ही दिलेत. रत्नागिरीला घेऊन कोण जात होतं? पहाटे उठून गाडी ठरवायची, चार तास बाहेर बाकावर बसायचं, येताना वांती झाली तर धुवायचं. हे पगारातून होत नाही.

आमच्यात धाकटा मी, म्हणून मी राहिलो. मला कोणी विचारलं नाही. थोरले दोघे गणपतीला येतात, आरत्या म्हणतात, ‘यंदा आंबा कितीला गेला’ विचारतात आणि जातात. कौलं परतायची, पाणंदीची गडगी लावायची, सगळं मी. मग महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली. मोबदल्याच्या नोटिसा आल्या तशी सातबाऱ्यावरची सगळी नावं एकदम जागी झाली! समान तीन हिस्से. आईचं हगणं-मुतणं काढलं त्याचा हिस्सा कुठल्या रकान्यात लिहितात?

तालुका कोर्ट :
कायद्यात तसा रकाना नाही. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात पोटगी मागता येते, मूळ कायद्यात कमाल मर्यादा महिना दहा हजार. पण ती आईबापाला. सांभाळणाऱ्या भावाला काही नाही. वडील हयात असतील तर त्यांच्या स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करून घ्या. बक्षीसपत्र करणाऱ्या म्हाताऱ्यांना मी एकच सांगतो, ‘सांभाळ करीन’ ही अट दस्तात लिहून घ्या. अट मोडली तर दस्त रद्द करून मागता येतो.

रानजाई :
तीन हिस्से? खळं-अंगण, तुम्हाला बहिणी नाहीत का?

खळं-अंगण :
दोघी आहेत. त्यांनी हक्कसोड दिलंय. लग्नात आम्ही काही कमी केलं नव्हतं.

रानजाई :
दिलंय की घेतलंय? माझ्याकडूनही घेतलं. माहेर तुटेल म्हणून सही केली. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की बाप 2005च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीआधी गेलेला असला तरी मुलीचा हक्क जन्मापासूनचा. आणि सेवेचं म्हणाल तर कमावत्या विवाहित मुलीलाही आईबापाची पोटगी द्यावी लागते, हे त्याच न्यायालयाने 1987 मध्येच ठरवलंय. कर्तव्याच्या वेळी मुलगी आणि मोजणीच्या वेळी परक्याचं धन, हे चालायचं नाही.

खळं-अंगण :
माझ्या घरात काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. उगाच आरोप करू नका. आई आजारी असताना दोघींपैकी एकही आठ दिवस राहायला आली नाही.

रानजाई :
त्यांच्या सासूचं कोण करत होतं तेव्हा?

कातळसडा :
विषय भरकटला, पण मोबदल्याचं वाचून थांबलो. जो राहिला त्याला जास्त मिळायला हवं, एवढं मान्य करतो. आमच्याकडे गावच्या भावाला घर आणि लागती कलमं सोडायला मी तयार आहे. पण ‘स्वार्थी’ हा शब्द मागे घ्या.

खळं-अंगण :
तुमच्यापुरता घेतो. माझ्या भावांपुरता नाही. त्यांनी घर सोडलं याचा राग नाही मला. मलाही आयटीआय करून पुण्याला जायचं होतं. आपल्यातल्या एकाला राहावं लागणार आहे, ते कोणी, एवढं एकदा तिघांनी बसून बोलायला हवं होतं.

रानजाई :
हे पटलं. पण आईचं सगळं तुम्ही एकट्याने काढलंत का? तुमच्या बायकोने किती काढलं? लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला की त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. भावांकडून हिस्सा मागताय ना, मग तलाठ्याकडे तो अर्जही द्या.