मदत हवी आहे: महाकाय गरुडांवर बसून पहाटे समुद्र ओलांडता येईल का?

फासेकरी: येत्या रविवारी दादरला माझ्या घरी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या कल्पनारम्य खेळातल्या आमच्या मोहिमेची पुढची बैठक आहे आणि मी तिचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा ‘डन्जन मास्टर’ आहे. मागच्या वेळी अगदी शेवटी खेळाडूंनी जाहीर केले की पहाटे किल्ल्यावरून महाकाय गरुडांच्या पाठीवर बसून थेट बेटावर उतरायचे. मला त्यांना अडवायचे नाही, पण हा प्रवास फुकटही द्यायचा नाही. गरुड पोहोचतील की नाही, एवढेच शनिवारपर्यंत सांगावे. ‘तुमचे जग, तुमचे नियम’ हे उत्तर कृपया देऊ नये.

गणिती_चेटूक: कोणती आवृत्ती, बेट किती लांब, गरुड किती आणि स्वार किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

फासेकरी: डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, हे सांगायला हवे असे वाटले नव्हते. बेट ६० किलोमीटरवर आहे.

गणिती_चेटूक: गरुडाचा वेग सहा सेकंदांच्या एका फेरीत ८० फूट आहे, म्हणजे ताशी साधारण साडेचौदा किलोमीटर. चार तासांहून थोडा अधिक वेळ लागेल आणि आठ तासांच्या आतल्या प्रवासाला फासे टाकून थकव्याची चाचणी द्यावी लागत नाही. प्रश्न मिटला.

गच्चीवरची_घार: मिटलेला नाही. मुलुंडला आमच्या गच्चीसमोरच्या टाकीवर घारी रोज सकाळी पंख पसरून नुसत्या बसून असतात. सिमेंट तापून गरम हवा वर चढू लागली की मगच त्या गोल गोल फिरत, पंख न हलवता उंच जातात. मोठ्या पक्ष्याची सारी भिस्त याच हवेवर असते. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अँडीजमधल्या काँडोर या प्रचंड गिधाडांनी उड्डाणाच्या वेळेतला जेमतेम एक टक्का वेळ पंख मारल्याचे दिसले आणि त्यांतला एक पक्षी पाच तासांत एकदाही पंख न मारता सुमारे १७२ किलोमीटर गेला. पहाटे, तेही समुद्रावर, ही सोय नसते. करकोचेसुद्धा युरोपातून आफ्रिकेत जाताना भर समुद्र टाळून जिब्राल्टर आणि बॉस्फरसच्या अरुंद सामुद्रधुन्यांवरून जातात.

गणिती_चेटूक: मग अल्बाट्रॉस समुद्रावर काय चालत जातो?

गच्चीवरची_घार: तो लाटांलगतच्या आणि वरच्या वाऱ्याच्या वेगांतला फरक वापरतो आणि त्यासाठी त्याचे पंख लांब, अरुंद असतात. गरुडाचे पंख रुंद, टोकाला बोटांसारखी फाकलेली पिसे असलेले. त्याला ती युक्ती जमणार नाही.

गणिती_चेटूक: ज्या जगात हाताच्या तळव्यातून आगीचे गोळे निघतात, तिथे फक्त हवेने मुंबईचे नियम का पाळावेत?

मातीची_खेळणी: गरुडांच्या प्रतिकृती करणार असाल, तर प्रत्येकाला दोन इंच लांबी-रुंदीची बैठक द्यावी, कारण तो पटावरच्या चार चौकटी व्यापतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मिळणारे पारदर्शक माप पालथे घालून त्यावर चिकटवला, की तो हवेत असल्यासारखा दिसतो.

फासेकरी: प्रतिकृतींबद्दल मी विचारलेले नाही. गरुड दोन आहेत आणि स्वार पाच.

जुना_डीएम: हे आधी सांगायला हवे होते! खेळाच्या नियमांत गरुडाच्या ताकदीचा आकडा १६ आहे, त्यामुळे तो ४८० पौंड, म्हणजे सुमारे २१८ किलो वाहू शकतो. शस्त्रासामानासकट माणशी नव्वद किलो धरले तर एका गरुडावर दोघेच बसतील. पाचव्यासाठी परत यायचे झाल्यास जाणे, येणे आणि पुन्हा जाणे मिळून बारा तासांहून अधिक उड्डाण होते आणि आठ तासांनंतर दर तासाला थकव्याची चाचणी लागते. शिवाय हे गरुड भाड्याचे घोडे नव्हेत. त्यांची बुद्धी ८ आहे. सामान्य भाषा त्यांना बोलता येत नसली तरी कळते. त्यांना कोणी विचारले आहे का?

उंच_उडी: गरुडाऐवजी रॉक हा त्याहून अवाढव्य पक्षी द्या की! ताकद २८, दीड हजार किलो सहज उचलतो, वेगही १२० फूट.

जुना_डीएम: आणि वाटेत भूक लागल्यावर तो पाठीवरच्यांनाच खाईल.

फासेकरी: गरुडांना कोणीही विचारलेले नाही, हे खरे. मग असे करतो, की गरुड ऊन चढेपर्यंत निघायलाच नकार देतील आणि दोघांहून अधिक घेणार नाहीत. मागे कोण राहणार, हे खेळाडूंनी ठरवावे. आमच्या बुटक्या योद्ध्याचे पोलादी चिलखत एकटेच ६५ पौंडांचे आहे आणि तो खेळाडू माझा मेहुणा आहे. गरुडांचे मन वळवण्याच्या चाचणीत खेळाडूंना फाशावर गाठायचा आकडा १५ ठेवावा की २०?

मातीची_खेळणी: बुटक्याची प्रतिकृती बसलेली हवी की उभी?