वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली, पण पोटाची लोंबती कातडी... ऑपरेशन करावं का? (नाशिक)

मंजू_इंदिरानगर

नमस्कार. मी ४६ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरला राहते, टाइप २ डायबेटिस आहे, जुना. वजन ९६ होतं ते ६८ वर आलंय. बेरिॲट्रिक म्हणजे वजन उतरवायचं ऑपरेशन वगैरे काही केलं नाही, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर चालणं, रात्री पोळी-भात बंद करून मुगाचं धिरडं नाहीतर मटकीची उसळ, आणि डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.४ होता तो ७.१ झालाय. गुडघे दुखायचे थांबले, सगळे कौतुक करतात.

पण पोटाची कातडी खाली लोंबतेय, दंडांचीपण. साडीत कुणाला काही दिसत नाही, त्रास माझा मला माहिती. परकराची नाडी नेमकी त्या घडीत रुतते. पावसाळ्यात तिथे लाल होऊन चिघळतं, वास येतो, मी जुन्या सुती साडीचे तुकडे करून घडीत ठेवते आणि दिवसातून दोनतीनदा बदलते. चालताना ते हलतं, घासतं, म्हणून आता चालायलाच नको वाटायला लागलंय, आणि चालणं सुटलं तर शुगर परत चढणार ही भीती वेगळीच. सासूबाई म्हणतात या वयात कुणाला दाखवायचंय. आमचे हे म्हणतात तुला हवं तर करू, पण शुगर आहे, जखम भरली नाही तर काय करायचं?

शुगर असताना कुणी केलंय का? मेडिक्लेममध्ये बसतं का? आणि नाशिकलाच करावं की मुंबईला जावं? मनापासून सांगा प्लीज.

गोदाकाठची

मंजूताई, मी केलंय, पोटाचं. मलाही शुगर आहे. तुम्ही लिहिलंय ते कपड्याचे तुकडे ठेवणं वाचून डोळ्यांत पाणी आलं, कारण हे आपण कुणाला सांगतच नाही. कुणाला दाखवायला म्हणून हे नसतं हो, सासूबाईंना एकदा ती घडी दाखवा, त्यांना कळेल.

आता खरं काय होतं ते सांगते. आधी विचारून घ्या की नुसती लोंबती कातडी काढणार की पोटाचे सैल पडलेले स्नायू पण आतून आवळणार, पहिल्याला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात आणि दुसऱ्याला टमी टक, खर्च आणि दुखणं दोन्हीत फरक पडतो. व्रण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत जातो, तो फिका पडतो पण जात नाही, आणि बेंबीखाली बधिरपणा बरेच महिने राहतो, ही मनाची तयारी ठेवा. पोटाला नळ्या लावून घरी पाठवतात, त्याच्या टोकाला फुग्यासारखी डबी असते, ती रोज रिकामी करून किती एमएल पाणी आलं ते वहीत लिहायचं. माझ्याकडे ते काम मुलीने केलं, सकाळ-संध्याकाळ, न कंटाळता. पाणी दिवसाला ३० एमएलच्या खाली आल्यावर माझी नळी काढली. सुरुवातीला सरळ उभंच राहता येत नाही, वाकून चालावं लागतं, झोपताना गुडघ्याखाली उशी. घरात भारतीय संडास असेल तर आधी कमोडची सोय करा, खाली बसता येत नाही. सहाएक आठवडे पट्टा, आणि पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर, नातवंड काही उचलायचं नाही. घरात करणारं माणूस असेल तरच तारीख घ्या, हे मी हात जोडून सांगते.

आणि नाशिकलाच करा. ड्रेसिंगला, टाके बघायला सारखं जावं लागतं, जखमेतून पाणी यायला लागलं तर पोटाला टाके घेऊन कसारा घाटातून मुंबई गाठणार का?

वॉर्डातली_सिस्टर

मी सर्जिकल वॉर्डला काम करते म्हणून शुगरपुरतं लिहिते, बाकी तुमचे डॉक्टर सांगतील ते अंतिम.

७.१ चांगला आहे ताई. ठरवून करायच्या ऑपरेशनला साधारण ८ च्या आत हवा असतो, कातडीच्या कामात बरेच सर्जन याहूनही कडक असतात, कारण शिवण लांब असते आणि शुगर जास्त असेल तर जखम उसवते, पू होतो. पण नुसता एचबीएवनसी बघू नका, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), बी१२ पण करून घ्या. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी खूप वर्षं घेतली की बी१२ कमी होतं, आणि वजन उतरवताना प्रथिनं कमी पडलेली असतील तर जखम भरायला शरीराकडे काही नसतं.

गोळ्यांचं नीट ऐका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांतली एखादी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी थांबवतात, नाहीतर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारं आम्ल) वाढून पेशंट सिरीयस होऊ शकतो. वजनासाठी सेमाग्लुटाइड वगैरे भूक कमी करणारं औषध चालू असेल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, पोट उशिरा रिकामं होतं. हे सगळं आधी ठरवायचं, ॲडमिट झाल्यावर नाही. दवाखान्यात दोन-चार दिवस इन्सुलिन दिलं तर घाबरू नका, ते कायमचं नसतं.

अजून एक, तंबाखू. सिगारेट नाही म्हणून बायका "नाही" सांगतात आणि रोज मिश्री लावत असतात. मिश्रीपण तंबाखूच आहे, निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि कातडीची कड काळी पडते. निदान ४ आठवडे आधी पूर्ण बंद.

आणि चिघळलेल्या जागी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नका, बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं मग बुरशी जास्त पसरते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते लिहितील ते कागद जपून ठेवा.

सातपूरकर

सिस्टरनी कागद जपा म्हटलंय ते मेडिक्लेमला पण लागतं. पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, हे आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) ठरलेलं कलम आहे. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरचं चालतं, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका आहे म्हणून गरजेचं आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर. वारंवार इन्फेक्शन होत असेल तर त्याचे केसपेपर, फोटो तारखेसकट ठेवा आणि ॲडमिट व्हायच्या आधी कंपनीकडून लेखी मंजुरी मागा. मिळेलच असं धरून चालू नका, पैसे खिशातले धरूनच हिशोब करा. कोटेशन घेताना जीएसटी धरून आहे का विचारा, कॉस्मेटिकला १८ टक्के लागतो.

डॉक्टर निवडताना एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी आहे का ते बघा. बोर्डवर "कॉस्मेटिक" लिहिलेला प्रत्येक जण प्लास्टिक सर्जन नसतो. आणि हॉस्पिटलला आयसीयू, फिजिशियन आहे का ते विचारा, एखाद्या फ्लॅटमधल्या क्लिनिकमध्ये अजिबात नको.

मेघा_दिंडोरी

मी नाही केलं, तेही सांगावंसं वाटलं. माझं वजन अजून वरखाली होतंय आणि डॉक्टर म्हणाले सहा महिने एका जागी थांबू दे मग बोलू. तोवर कमरेत उंच येणारी घट्ट लेगिंग घालून चालते, नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घेतलाय, घासणं बरंच कमी झालं. कातडी क्रीमने, तेलाने, मशीनने आत जात नाही, त्यावर पैसे घालू नका.

मंजू_इंदिरानगर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. माझं वजन दिवाळीपासून ६८ च्या आसपासच आहे. त्या डापावाल्या गोळीचं मला कुणी बोललंच नव्हतं, माझ्या पाकिटावर तेच नाव आहे. आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जाते आणि रक्ताच्या तपासण्या करते. रुंद इलॅस्टिकचा परकर उद्याच शिवायला टाकते. सिस्टर, एक विचारू? पोट आणि दंड एकदमच करता येतील का, म्हणजे एकदाच भूल, एकदाच सुट्टी?

वॉर्डातली_सिस्टर

करतात काही जण, पण तुम्हाला शुगर आहे म्हणून मी घाई करू नका म्हणेन. ऑपरेशन जितकं लांबतं तितका पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, आणि दोन्ही दंडांना टाके असले तर उठताना हाताचा आधार घेता येणार नाही, पोटाच्या ऑपरेशननंतर तोच आधार लागतो. पोट आधी करा, तेच घासतंय, चिघळतंय. दंडांचं नंतर. आणि गोळी आत्ताच स्वतःहून बंद करू नका हं, तारीख ठरली की तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना विचारूनच.