मदत हवी आहे: किलिमांजारोवरचा हा पतंग कोणता?

नमस्कार मंडळी, टांझानियात किलिमांजारोच्या मारंगू वाटेवर, मंडारा हटपाशी (साधारण २,७०० मीटर) रात्री दिव्याखाली भिंतीला चिकटलेला हा पतंग दिसला. आजूबाजूला दमट, शेवाळलेलं डोंगरी जंगल. फोटो जोडलेत, पण मोबाइलचे आहेत, त्यामुळे रंग जरा पिवळट आलेत.

पंख पसरून तळहाताएवढा. रंग विटकरी तपकिरी. मागच्या प्रत्येक पंखावर नारिंगी डोळा, भोवती काळं कडं. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) पिसासारख्या रुंद, म्हणजे नर असावा. आपल्या सह्याद्रीतल्या ॲटलास मॉथच्या सॅटर्निडी कुळातला आहे एवढं नक्की; पुढे गाडी अडली.

पहिला संशय बुनिया अल्सिनोईवर, म्हणजे कॉमन एम्पररवर. आफ्रिकेत तो बराच पसरलेला आहे आणि नारिंगी डोळाही जुळतो. पण त्याच्या पंखांवर दिसणारे पांढरे पट्टे इथे जवळपास नाहीत. शिवाय पुढच्या पंखांची टोकं बाकदार, वाळक्या पानासारखी, म्हणून लोबोब्युनिया हा याच कुळातला दुसरा वंशही डोक्यात येतो. फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपने तर थेट मोपेन वर्म (याच कुळातला पतंग, नाव त्याच्या अळीवरून पडलेलं) सुचवला! तो सखल, कोरड्या, मोपेन झाडांच्या रानातला, या थंड ओल्या जंगलात कुठून येणार?

पूर्व आफ्रिकेतले पतंग पाहिलेल्या कुणी हे दोन वंश कशावरून वेगळे ओळखायचे ते सांगाल का? पंखांच्या खालच्या बाजूचा फोटो माझ्याकडे नाही. प्रजातीपर्यंत जाता येत नसेल तर वंश कळला तरी चालेल.