तीन खोल्यांचा सामाईक पॅसेज रंगवून नीट करायचाय, भाड्याची जागा, सहा हजार रुपये. सुरुवात कुठून करावी? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तिसरी_खोली
पुणे, नारायण पेठ. जुनी विटांची इमारत, तळमजला. पॅसेज २० फूट लांब, ४ फूट रुंद, ९ फूट उंच. उजवीकडे आम्हा तिघा भाडेकरूंची दारं. डावीकडच्या भिंतीपलीकडे सामाईक बाथरूम, त्या बाजूला गुडघाभर उंचीपर्यंत पोपडे सुटलेत. भिंतींना जुना डिस्टेंपर आहे, नुसतं टेकलं तरी कपडे पांढरे होतात. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर जुन्या रंगाचे थेंब. एकच मिणमिणता बल्ब, आणि केबल-इंटरनेटच्या वायरी लोंबतायत. मालक तोंडी "करा" म्हणालेत. तिघांचे मिळून ६,००० रुपये आहेत. दिवाळीआधी उरकायचं आहे.

रंग_आणि_माप
आधी डावी भिंत तपासा. दीड फूट चौकोनी प्लॅस्टिक पोपड्यांच्या जागी चारही कडांना चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. तसं असेल तर त्या भागावर पुट्टी, ऑइल पेंट, वॉटरप्रूफ लेप काहीही लावू नका. पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ते रंगाला फुगवतं, आणि सोबत आलेला क्षार सुकून पुट्टीला आतून ढकलतो. लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारा क्षार) लागलेल्या भिंतीवर केलेला खर्च पुढच्या पावसाळ्यात जमिनीवर पडलेला असतो.

बाकीचं काम या क्रमाने. पत्र्याने सगळा सुटा डिस्टेंपर खरवडा, मग ओल्या फडक्याने पुसा. बोटाला पांढरं लागायचं थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. इथे घाई झाली की नवीन रंग जुन्या भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही, आणि पापुद्र्यासारखा निघतो. रंग फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

सगळ्या भिंतीला पुट्टी मारायचा मोह टाळा. ३०० चौरस फुटांना दोन हात (थर) म्हणजे २५-३० किलो माल आणि दोन दिवसांची घासाई. फक्त खड्डे आणि भेगा भरा, ५ किलो पुरते. एक किलोला ३५० ते ४०० मिली पाणी, कालवून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा कालवा. दोन तासांत संपेल एवढीच भिजवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पाणी घालून ती पुन्हा वापरली तर ताकद जाते. वाळली की १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

मोजमाप चौरस फुटांत असं: उजवी भिंत दारं सोडून ११७, छत ८०, डाव्या भिंतीचा वरचा पाच फुटांचा भाग १०० (खालचे ओलीचे चार फूट सोडून). उजव्या भिंतीला खालून चार फूट ऑइल पेंटचा पट्टा घ्या, तो ४४ चौरस फूट भरतो. दोन हातांना एक लिटर पुरेल. हात आणि पिशव्या तिथेच घासतात, म्हणून हा खर्च करण्यासारखा आहे. उरलेल्या साधारण २५० चौरस फुटांना धुता येणारा अ‍ॅक्रिलिक डिस्टेंपर, ५ किलो. त्याआधी या सगळ्या भागाला पाण्यातला प्रायमर एक हात, ३ लिटर. छताला पांढरा, भिंतीला फिकट पिवळसर. अरुंद पॅसेजला गडद रंग नको.

दारांच्या चौकटींवर जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांची खात्री देता येत नाही. पाणी लावून वॉटर पेपरने (ओला वापरायचा पॉलिश पेपर) घासा, लहान मुलांना दूर ठेवा, चिखल कागदात गोळा करून टाका.

शहाबादीवर अ‍ॅसिड अजिबात ओतू नका. तो चुनखडीचा दगड आहे, अ‍ॅसिडने फेसाळून झिजतो आणि कायमचा खरखरीत होतो. थेंब पात्याने आडवे खरवडा, मग साबणाची पावडर आणि काथ्याचा ब्रश.

वायर_आणि_दिवा
वायरीचं काम रंगाच्या आधी करा, नाहीतर नवीन भिंतीला भोकं पडतील. केबलवाल्याला बोलावून बंद वायरी आधी काढून घ्या, बहुतेक ठिकाणी निम्म्या मेलेल्याच असतात. उरलेल्यांना एक इंची केसिंग पट्टी (वायरी झाकणारी प्लॅस्टिकची पोकळ पट्टी), छताच्या खाली चार इंचांवर. दोन मीटरच्या चार पट्ट्या लागतील. विजेची आणि इंटरनेटची वायर एकाच पट्टीत घालू नका.

दिव्याला चार फुटी २० वॅटची एलईडी बॅटन (ट्यूबसारखा लांब दिवा), पॅसेजच्या मधोमध, छताला. भिंतीवर लावली तर तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवटा दिसतो. दोन्ही टोकांना टू-वे स्विच (एकच दिवा दोन्हीकडून चालू-बंद होतो) लायसनवाल्या वायरमनकडूनच बसवून घ्या. मीटरच्या पेटीला आणि सीलला हात लावू नका, रंगाचा ब्रशसुद्धा नको.

आणि जमिनीवर चपलांचं कपाट ठेवू नका. चार फुटांतला दीड फूट गेला तर आग लागल्यावर किंवा स्ट्रेचर आणताना वाट उरत नाही. भिंतीला टांगायचा सहा-सात इंच खोलीचा रॅक घ्या.

करार_वाचा
"करा" हे तोंडी पुरेसं नाही. कामाची यादी, रंग आणि खर्च व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मालकांचं "हो" लेखी घ्या, आधीचे फोटो काढा. नाहीतर डिपॉझिट परत घेताना "मी सांगितलं नव्हतं" ऐकावं लागतं.

बाथरूमच्या गळतीचा खर्च मालकांचा असायला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही ती झाली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. मात्र हे कायद्याच्या अर्थाने भाडेकरू असलेल्यांसाठी आहे. तुमचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (फक्त राहायची परवानगी देणारा करार) असेल तर करारातली दुरुस्तीची अटच पाहा. परस्पर भाडं कापू नका.

तिसरी_खोली
प्लॅस्टिक लावून पाहिलं. भिंतीच्या बाजूने थेंब जमले. करार लिव्ह अँड लायसन्सच आहे, मोठी दुरुस्ती मालकांकडे असं लिहिलंय. फोटो पाठवलेत. पण प्लंबर दिवाळीनंतर येणार. तोवर ती भिंत तशीच दिसू द्यायची का?

रंग_आणि_माप
नाही, तिला चुना द्या. खालचा चार फुटांचा भाग विटेपर्यंत किंवा घट्ट गिलाव्यापर्यंत खरवडा, पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, पाण्याने क्षार पुन्हा आत जातो. विरवलेला (पाण्यात भिजवून फोडलेला) चुना गाळून दुधाएवढा पातळ करा, भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घाला, दोन हात मारा. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते, म्हणून तो फुगत नाही. ८० चौरस फुटांना दोन किलो चुना भरपूर होईल. हातमोजे आणि चष्मा घाला, डोळ्यात उडाला तर इजा होते.

कपड्यांना थोडं पांढरं लागेल, तेवढं सोसा. नळजोडणी दुरुस्त झाल्यावर भिंत उन्हाळाभर सुकू द्या, मे महिन्यात पुन्हा प्लॅस्टिक लावून बघा. कोरडं निघालं तर चुना पूर्ण खरवडून मग प्रायमर.