अनुभव धागा : शिकता शिकता उभा केलेला गावाच्या उपयोगाचा धंदा (मराठवाडा)

सूत्रधार

विद्यापीठांत आता इनोव्हेशन सेल आहेत, नवा धंदा उभा करायला मदत करणारी इनक्युबेशन सेंटर आहेत, नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. संभाजीनगरात नवउद्योजकांना हात देणारी 'मॅजिक' संस्था आहे. दारं बरीच उघडलीत. पण हिंगोली-जालन्याच्या पोरापोरींनी त्या दारातून आत जाऊन नेमकं काय केलं, हे कुठं वाचायला मिळत नाही. मिळतात ते मोठ्या पुठ्ठ्याचा चेक घेतानाचे फोटो.

म्हणून हा धागा. शिकत असताना गावच्या एखाद्या अडचणीवर चार लोकांचं पोट भरेल असं काही उभं केलं असेल तर लिहा. भाषण नको. माल कुठला, पैसे कोणी घातले, विकत कोणी घेतलं आणि तुमची पदवी झाल्यावर काम कोण बघतं, एवढं आलं तरी पुरे. बंद पडलं असेल तर आवर्जून लिहा.

बालाघाटी (धारूर, फूड टेक्नॉलॉजी)

आमच्या डोंगराचं सीताफळ दसऱ्याच्या आगंमागं येतं. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं फळ टिकत नाही. सालीवरचे डोळे उघडले की तोडायचं, आणि दोन-तीन दिवसांत ते मऊ पडतं. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. सकाळी पाटीला जो भाव सांगितला तो दुपार कलल्यावर निम्म्यावर येतो, कारण फळ डोक्यावर घेऊन बाई परत डोंगर चढणार नाही.

परभणीला शिकताना गर काढून गोठवायचं तंत्र हाताखालून गेलं होतं. गर तापवला की कडवट होतो, उघडा राहिला की रंग जातो. म्हणजे शिजवायचा नाही, काढला की थेट उणे 18-20 अंशाला. गावच्या बचत गटातल्या मावश्यांना हे एका दिवसात कळलं. आम्हाला त्यांच्याकडून कळलं ते वेगळंच. सालीलगतचा खरखरीत कणीदार भाग चमच्यात येऊ द्यायचा नाही आणि बी काढताना पाकळी मोडायची नाही. पाकळी अख्खी राहिली की बासुंदीवाला जास्त पैसे देतो, मोडली की तोच गर आइस्क्रीमच्या भावात जातो. यंत्रानं काम झपाट्यानं होतं, पण पाकळी राहत नाही. आम्ही यंत्र घेतलं नाही.

पैशाचं म्हणाल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (पीएमएफएमई) 35 टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त 10 लाख. ऐकायला गोड आहे. पण अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, हातात येत नाही. बँकेत बाजूला पडून राहतं आणि कर्ज नीट फिटलं की वळतं होतं. आणि विशीतल्या विद्यार्थ्याला बँक मॅनेजर खुर्चीसुद्धा देत नाही. शेवटी कर्ज गटाच्या अध्यक्ष काकूंच्या नावावर झालं. याच योजनेत गटातल्या प्रत्येक सदस्याला खेळत्या भांडवलासाठी 40 हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं, त्यावर पहिला हंगाम निघाला.

आता खरी गोम. सीताफळाचा हंगाम आणि सेमिस्टरची परीक्षा एकाच वेळी येते. मी पेपर लिहीत असताना तिकडं गर निघत होता, आणि माझ्यावाचून काही अडलं नाही. आज धंदा काकूंचा आहे. मी पुण्यात नोकरी करतो, मोठं गिऱ्हाईक आलं की फोनवर बोलतो, त्याचं कमिशन घेतो.

कोरडवाहू (परभणी, बी.एस्सी. कृषी)

आमच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण 2018 साली आलं. लोह आणि जस्त जास्त असलेलं. वसतिगृहातल्या पोरींच्या हिमोग्लोबिनची रड सगळ्यांनाच माहीत. आमच्या चौघींच्या डोक्यात आलं, हे वाण शेतकऱ्यांकडून घ्यायचं, वस्तीतल्या बायांकडून भाकरी करून घ्यायची आणि मेसला द्यायची.

पोस्टरवर लोहाचे आकडे लिहिले होते. लोहासाठी कोणी भाकरी खात नाही हो. ठेचा सोबत द्यायला लागलो त्या दिवसापासून खप सुरू झाला.

दुसरी अडचण पिठाची. दळून ठेवलेल्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, मग भाकरी थापताना कडेनं चिरते. मेसवाल्याला आठवड्याचं पीठ एकदम हवं असायचं. बाया म्हणायच्या, "ताई, विरी गेलेल्या पिठाची भाकर मला करायला लावू नका, नाव माझं खराब होतं." म्हणून दळण रोजचं केलं. गिरणीवाल्याशी पहाटेची वेळ बांधून घेतली, त्याचे जादा पैसे मोजले, आणि तेवढ्यानं नफा जवळजवळ संपला. मग कडक भाकरी केली. तव्यावर पातळ, मंद आचेवर वाळवून, डब्यात भरली की कितीतरी दिवस राहते. पुण्या-मुंबईकडं शिकायला गेलेल्यांच्या आयांनी ती सगळ्यात जास्त नेली. हे गिऱ्हाईक आमच्या एकाही स्लाइडवर नव्हतं.

अन्न परवान्याला घाबरू नका. छोट्या उद्योगाला फक्त नोंदणी लागते, आम्ही वर्षाला 100 रुपये भरत होतो. उद्यम नोंदणी तर फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच वाटेला लावा.

दोघी आता स्पर्धा परीक्षेला लागल्या, एकीचं लग्न झालं. मी अजून आहे. बाया पाच-सहाच आहेत, पण रोजगार रोजचा आहे.

गोदाकाठ

@कोरडवाहू, शेतकऱ्याला त्या वाणाला भाव जास्त दिला का बाजारभावच?

कोरडवाहू

थोडा जास्त. नाहीतर ते काहून वेगळी पेरणी करतील? कडबा चांगला निघाला म्हणून दुसऱ्या वर्षीही पेरली, हेही खरं.

ट्यूशन एरिया (लातूर, समाजकार्य)

लातूरला येणारी पोरं डॉक्टर व्हायला येतात, आणि रोज रात्री त्यांच्या ताटातलं उरलेलं बादल्या भरून बाहेर पडतं. मेसवाल्यांकडून ओला कचरा उचलायचा, खत करायचं, शेतकऱ्याला विकायचं, असा साधा हिशेब मांडला होता.

मेसचं उरलेलं म्हणजे भाजीचं देठ नव्हे. तेल, मीठ, तिखट, वरण. गांडुळं त्यात तग धरत नाहीत आणि ढिगाला वास सुटला की शेजारी नगरसेवकाला फोन लावतात. सोयाबीनचं भुसकट भरपूर मिसळल्यावर जमलं, ते आमच्या जिल्ह्यात पोत्यानं मिळतं. खत चांगलं झालं, पण शेतकरी त्याची तुलना शेणखताच्या ट्रॉलीशी करतो आणि त्यात आपण हरतो. घेतलं ते रोपवाटिकांनी आणि गच्चीवर कुंड्या लावणाऱ्यांनी.

पैसे खरे मिळाले कचरा उचलण्याचे. मेसवाला महिन्याला ठरलेली रक्कम देतो, कारण त्याला कटकट नको असते. पण नीटची परीक्षा मे महिन्यात होते. ती झाली की खोल्या रिकाम्या, मेसला कुलूप. उचलणाऱ्या दोन मावश्यांचा पगार त्या दिवसांत कुठून द्यायचा, हे कोणत्याही मेंटॉरनं विचारलं नव्हतं. आता आम्ही वर्षाचा दर ठरवून तो हंगामात जास्त आणि उन्हाळ्यात कमी असा घेतो. मंगल कार्यालयंही जोडली. लग्नसराई नेमकी तेव्हाच असते, हे बरं झालं.

कोयत्याची लेक (माजलगाव, बी.कॉम.)

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसऱ्याआधी मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी), मग थेट कारखान्यावर. रेशन कार्ड गावात राहतं आणि माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. 'वन नेशन वन रेशन' आल्यावर अंगठा लावून कुठल्याही दुकानातून धान्य घेता येतं. पण ज्यांचं आधार जोडलेलं नाही, केवायसी राहिलीय, लहान पोराचं नाव कार्डात नाही, त्यांना तिकडं दुकानदार हाकलून देतो.

मी आणि दोन मैत्रिणींनी निघायच्या आधीच्या महिन्यात तांड्यावर आणि वस्त्यांवर जाऊन ही कामं करून द्यायला सुरुवात केली. लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र, मोबाइलचं नेट. सेवा केंद्रात गेलं तर मजुरी बुडते आणि जाऊन-येऊन भाडं जातं, म्हणून लोक आमच्याकडं करतात. खरिपात पीक विम्याचे अर्ज, जूनमध्ये प्रवेशाचे दाखले, असं वर्ष भरून निघतं.

तिऱ्हाईत

राग मानू नका, पण यात सामाजिक उद्योग कुठं आला? हे तर ऑनलाइन सेंटर झालं.

कोयत्याची लेक

हो, सेंटरच आहे. फरक एवढाच की दर भिंतीवर लिहिलाय आणि पावती मिळते. आमच्या इकडं अडलेल्या माणसाकडून कागदाचे पाचशेही घेतात, आणि तो ते उचलीतून देतो. म्हणजे ते पाचशे त्याला उसाच्या फडात फेडावे लागतात. मी इनक्युबेशनला अर्ज केला होता. "यात नावीन्य काय?" असं विचारलं. मी म्हणाले, काही नाही, आणि उठले.

नळदुर्गकर (तुळजापूर)

वरच्या प्रश्नावर थोडं. तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचं ग्रामीण केंद्र आहे, तिथं समाजकार्य शिकताना किल्लारीचा अभ्यास वारंवार येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कामात गावोगावच्या बायांना संवाद सहायक म्हणून उभं केलं गेलं. बांधकामाचा दर्जा बघायचा, लोकांना माहिती द्यायची. त्यातून पुढं बचत गट आणि गटांतून धंदे. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेचा पाया हाच. दुष्काळी भागात बायांच्या नावे एक एकरावर खाण्यापुरती मिश्र पिकं, हे त्यांचं काम 2016 च्या संयुक्त राष्ट्रांच्या इक्वेटर पुरस्कारापर्यंत गेलं. त्यात नवं यंत्र कुठंच नव्हतं. विद्यार्थ्यांनी शोध लावायच्या आधी आपल्या गावात कोणता गट आधीपासून चालू आहे, हे बघायला हरकत नाही.

पेठेतला हिशेबनीस (जालना)

मी सनदी लेखापाल. विद्यार्थी येतात आणि "सर, सेक्शन 8 (ना-नफा कंपनी) काढून द्या" म्हणतात, कारण कोणीतरी सेमिनारमध्ये सांगितलेलं असतं. सेक्शन 8 कंपनीतून नफा वाटून घेता येत नाही. देणगी आणि सीएसआरवर (कंपन्यांच्या सामाजिक निधीवर) चालणार असाल तरच तिचा विचार करा. शेतकऱ्यांचा माल गोळा करून विकायचा असेल तर उत्पादक कंपनी बघा, किमान 10 उत्पादक सभासद लागतात, आणि मालक तेच राहतात, तुम्ही नोकर. हे आधी पचवा. पहिलं वर्षभर मात्र यातलं काहीच काढू नका. कंपनी काढली की विक्री शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट आणि विवरणपत्रं आलीच, आणि बंद करायला काढण्यापेक्षा जास्त त्रास. बचत गटाच्या नावावर किंवा एकाच्या मालकीवर धंदा करून बघा, विकतोय का ते बघा.

भट्टी (भूम, मेकॅनिकल)

आमचं बंद पडलं, म्हणून थोडक्यात. खव्याच्या भट्ट्यांवर लाकडाचा धूर फार. कमी लाकडात चालणारी, धूर बाहेर नेणारी भट्टी प्रोजेक्टमध्ये केली, राज्यपातळीवर बक्षीसही मिळालं. भट्टीवाले काका आले, खवा हातावर घेऊन चोळला, म्हणाले, "दाणा नाही आला." पुढच्या दुरुस्तीपर्यंत आमची बॅच पांगली. नकाशे माझ्याकडं आहेत, कोणाला हवे तर घ्या.

ट्यूशन एरिया

@भट्टी, मला द्या. आमच्याकडं वर्कशॉपवाला ओळखीचा आहे.

@बालाघाटी, हंगाम संपल्यावर तुमच्या फ्रीझरचं काय करता? वीजबिल तर बाराही महिने येत असेल.

बालाघाटी

गर विकेपर्यंत म्हणजे साधारण होळीपर्यंत चालू असतात. नंतर दोन बंद, एक मटारवाल्याला भाड्यानं. बंद ठेवताना झाकण उघडं ठेवा, नाहीतर गॅस्केटला बुरशी येते, ते बदलायला बीडला जावं लागतं.