लहान मुलांना घेऊन बेटावर घर: नाशिकहून अंदमानला जावं की नाही? टोपणनावांनी लिहिणाऱ्या पाच नाशिककरांची चर्चा

गोदाकाठ

घरून काम चालतं, मूल अजून बालवाडीत, अशी नाशिकमधली बरीच जोडपी हल्ली अंदमानात घर करायचं बोलून दाखवतात. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, 'फिरायला ठीक, राहायला नको.' मला हे मान्य नाही. भाड्याने, श्री विजयपुरमच्या (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) आसपास किंवा स्वराज द्वीपावर (पूर्वीचं हॅवलॉक) तरुण कुटुंब नीट राहू शकतं.

इंटरनेटची मोठी अडचण होती. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली आणि ती स्वराज द्वीपापर्यंत पोचली आहे. भाषेचा प्रश्न नाही, हिंदी सगळीकडे चालते. श्री विजयपुरमला केंद्रीय विद्यालय आहे, सीबीएसईच्या इतर शाळा आहेत, म्हणजे उद्या नाशिकला परतलात तरी मुलाचं वर्ष वाया जात नाही. व्हिसा नाही, परकी चलन नाही.

माझी अट एकच. घर दोनदा बघा. एप्रिलमध्ये पाण्यासाठी, जून-जुलैत छपरासाठी. डिसेंबरच्या सहलीत आवडलेलं घर त्याच सहलीत ठरवू नका.

आडगावकर

विरोध. निदान मूल पाच वर्षांचं होईपर्यंत तरी, आणि छोट्या बेटांच्या बाबतीत ठाम विरोध.

नाशिकमध्ये रात्री दोनला मुलाला ताप चढला, श्वास लागला, तर रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत बालरोगतज्ज्ञ गाठता येतो. स्वराज किंवा शहीद द्वीपावर (पूर्वीचं नील) प्राथमिक उपचार होतात. त्यापुढचं सगळं श्री विजयपुरमच्या जी. बी. पंत रुग्णालयात. मध्ये समुद्र आहे. सरकारी बोटीला साधारण अडीच तास लागतात, रात्रीची फेरी नसते आणि वादळी हवेत दिवसाचीही रद्द होते. हेलिकॉप्टरची सोय आहे, पण हवा बिघडली की तीही थांबते. म्हणजे ज्या दिवसांत आजार जास्त, त्याच दिवसांत वाट बंद.

आजारही वेगळे. अंदमानात लेप्टोस्पायरोसिस जुना आहे. उंदीर आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून तो जखमेवाटे अंगात शिरतो. खरचटलेल्या पायांनी मूल डबक्यात खेळलं की धोका. पावसाळ्यात ताप दोन दिवसांत उतरला नाही तर 'व्हायरल असेल' म्हणून बसायचं नाही, रक्त तपासायचं. किनाऱ्यावर वाळूमाश्या चावतात. मुलं खाजवतात, फोड पिकतात. काही खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून फलक लावलेल्या जागी मुलांना पाण्याच्या काठालाही नेऊ नये.

आणि केबल ज्या बेटांवर उतरली त्यांत शहीद द्वीप नाही. जाहिरातीत 'शांत घर, इंटरनेटसह' लिहिलेलं असेल तर आधी तिथल्या जोडणीचा वेग दुपारी, संध्याकाळी आणि पाऊस चालू असताना मोजून मागवा.

सातपूरकर

दोघांच्या वादात घराचं बोलायचं राहून गेलं. बांधकामाच्या बाजूने लिहितो.

पहिलं, पाणी. नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस, अंदमानात 3,000 च्या आसपास. तरीही जानेवारी ते एप्रिल तिथे टंचाई असते, कारण साठवायला गंगापूरसारखं मोठं धरण नाही. छोट्या बेटांवर विहिरीतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पंपाने भराभर उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विहीर पुढच्या पावसापर्यंत मचूळ राहते. म्हणून पाण्याची चाचणी ऑगस्टमध्ये करून काही कळत नाही, एप्रिलमध्येच करायची. विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत उत्तम. दुसरा स्रोतच नसेल तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 2,000 पर्यंत सूट आहे, पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि गीझरची कॉइल टिकत नाही.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 100 चौरस मीटर छप्पर, 3,000 मिलिमीटर पाऊस, गळती-वाफ वजा जाता 80 टक्के धरा: 2,40,000 लिटर. चार माणसं, दररोज माणशी 100 लिटर, कोरडे 120 दिवस: 48,000 लिटर. म्हणजे पाऊस गरजेच्या पाचपट पडतो, अडतं ते टाकीपाशी. 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद, अडीच मीटर खोल टाकी असेल तर 50,000 लिटर साठतं. दोन हजार लिटरची काळी टाकी दाखवून 'पाण्याची सोय आहे' म्हणणाऱ्या मालकाचं पाणी पाच दिवसांत संपतं. पन्हळीच्या नळाला पहिलं पाणी सोडून द्यायची वेगळी तोटी हवी. पहिले 100-200 लिटर पत्र्यावरची घाण आणि मीठ घेऊन येतात.

दुसरा, गंज. किनाऱ्यालगत आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) मानकाप्रमाणे किमान एम 30 ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. समुद्राचे तुषार थेट येत असतील तर एम 35 आणि 50 मिलिमीटर. नाशिकच्या कोरड्या हवेत घरातल्या स्लॅबला 20 मिलिमीटर कव्हर चालून जातं, त्यामुळे तिकडे गेलेला आपला माणूस स्लॅब बघून 'मजबूत आहे' म्हणतो. कॉलमच्या कोपऱ्यात सळईच्या रेषेत उभी चीर आणि तिच्यातून तपकिरी ओघळ दिसला तर आतली सळई फुगायला लागली आहे. ते घर घेऊ नका, वरून प्लास्टर केलेलं असेल तर मुळीच नको. नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर प्लास्टरने भिंत सोडली आहे.

तिसरं, उंची. अंदमान भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहे, नाशिक मध्यम. 2004 च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरच्या भागातली जमीनच सुमारे एक मीटर खचली. सिप्पीघाटची शेतं तेव्हा पाण्याखाली गेली. समुद्रापासून किती लांब यापेक्षा समुद्रसपाटीपासून किती उंच हे विचारा. दहा मीटरखालचं घर मुलांना घेऊन नको.

गोदाकाठ

टाकीचा हिशेब पटला, तो घरमालकासमोर कागदावर मांडण्यासारखा आहे. आडगावकर, दवाखान्याचा मुद्दा खरा आहे, पण तो छोट्या बेटांचा झाला. श्री विजयपुरमला राहणाऱ्यांना रुग्णालयात जायला समुद्र ओलांडावा लागत नाही. त्र्यंबक पट्ट्यातल्या आडबाजूच्या पाड्यावरून नाशिकला यायलाही रात्री सोपं नसतं, तिथेही लोक मुलं वाढवतातच.

आडगावकर

पाड्यावरचा माणूस तिथला असतो, आजी-काकू शेजारी असतात. तुम्ही ज्यांना पाठवताय त्यांच्या घरी दोघंच, आणि दोघंही कामावर. एकाला डेंग्यू झाला की दुसऱ्याने मूल सांभाळायचं, स्वयंपाक करायचा, पाणी आणायचं आणि मीटिंगही घ्यायची. ही बाजू तुमच्या यादीत नाही.

तरी तडजोड सांगतो. पहिलं वर्ष श्री विजयपुरम, रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत. एक पूर्ण पावसाळा, मे ते डिसेंबर, तिथे काढल्यावरच छोट्या बेटाचं नाव घ्यायचं.

पाथर्डी फाटा

सामानाचं लिहितो, कारण पैसे तिथेच बुडतात. इथून सामान चेन्नईपर्यंत ट्रकने, पुढे जहाजाने. जहाजाचा प्रवास सुमारे तीन दिवसांचा, पण बंदरात थांबणं धरून हातात पडायला किती लागेल याचा भरवसा नाही. पार्टिकल बोर्डाची कपाटं नेऊ नका, ओल लागली की खालची कड फुगते आणि बिजागऱ्या सुटतात. सागवान किंवा प्लास्टिक चालेल. गाद्या तिकडेच घ्या.

दुचाकी न्यायची तर एमएच 15 ची (नाशिकच्या नोंदणीची) एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आरटीओतून आधी काढा. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो. चढवण्याआधी टाकीतलं पेट्रोल काढा.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा आणि आत 25 वॅटचा जुना पिवळा बल्ब सोडा. एलईडी तापत नाही, त्याने बुरशी जात नाही. चामड्याचे बूट, कॅमेऱ्याच्या लेन्स, मुलांची पुस्तकं, सगळं त्याच कपाटात. कुरडया-पापडाचं वाळवण तिथे जानेवारी ते मार्चमध्येच उरकावं लागेल. बाजरीचं पीठ महिन्याचं दळून नेलं तर अळ्या होतात, धान्य न्या आणि थोडं थोडं दळा. काळा मसाला पिशवीत दगडासारखा होतो, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीतच टिकतो. भाजीपाला बराचसा जहाजाने येतो, त्यामुळे जहाज लांबलं की कांदा-बटाट्याचा भाव चढतो. पंधरा दिवसांचा साठा घरात असावा.

आणि एक, सूर्य. नाशिकपेक्षा तिथे सव्वा तास आधी उजाडतं आणि मावळतं, घड्याळ मात्र एकच. हिवाळ्यात संध्याकाळी पाचलाच अंधारायला लागतं. सहाला काम संपवून मुलाला समुद्रावर नेऊ म्हणणाऱ्यांनी हे धरून चालावं. समुद्र सकाळी.

मखमलाबाद

भाड्यापर्यंत मी गोदाकाठ यांच्या बाजूने. विकत घेण्याच्या पूर्ण विरोधात. तिथली बहुतेक जमीन जंगलाची आहे, आदिवासींच्या राखीव क्षेत्रात बाहेरच्याला परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि किनाऱ्यालगत बांधकामाला वेगळे निर्बंध. शेतीची जमीन 'नंतर बिगरशेती करून देतो' या शब्दावर इसार देऊ नका. बाहेरून आलेल्याला ती जमीन नावावर करता येते का, हे उपायुक्त कार्यालयाकडून लेखी घ्या. दलालाचं तोंडी उत्तर नको.

मॉरिशसचा पर्यायही पुढे येतोच, तिथे मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या आहेत म्हणून. पण घर घेऊन रहिवास मिळवायचा तर 2020 पासून किमान 3,75,000 डॉलरची खरेदी लागते. भारतातून एका माणसाला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरच पाठवता येतात. म्हणजे नवरा-बायको दोघांच्या नावे, दोघांचेही कागद स्वच्छ. तरुण कुटुंबाला हे झेपत नाही, आणि चक्रीवादळं तिथेही नोव्हेंबर ते एप्रिल असतातच.

सातपूरकर

भाडेकरारात तीन ओळी घालून घ्या. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे एप्रिलअखेर, टाकी उपसून कोण धुणार. छपराच्या पत्र्याचे गंजलेले स्क्रू आणि रबरी वॉशर कोण बदलणार, कारण गळती तिथूनच सुरू होते. आणि टाकी कोरडी पडली तर टँकरचा खर्च कोणाचा. मालक या तिन्हींवर सही करत नसेल तर पुढचं घर बघा.