ग्रीस गाडीने फिरायचंय, आईला मेटेओरा झेपेल का?

देवगडचा आंबेवाला:
नमस्कार मंडळी, मार्च ते मे बाग सोडून कुठे हलता येत नाही म्हणून गणपती झाले की सप्टेंबरअखेर ८ दिवस ग्रीसला जायचं ठरतंय, मी, बायको आणि आई. अथेन्सला गाडी भाड्याने घेऊन मायसिनी, एपिडॉरस, ऑलिंपिया, डेल्फी ही प्राचीन ठिकाणं आणि शेवटी मेटेओरा. मेटेओराच्या कड्यावरच्या मठांचे फोटो बघितल्यापासून आई रोज विचारते कधी निघायचं, पण तिचे गुडघे दुखतात. किती पायऱ्या आहेत? आणि करूळ घाटात गाडी चालवायची सवय असली तर तिथे जमेल ना?

वेंगुर्लेकर:
घाट जमेल, पण तिथे उजव्या बाजूने चालवायचं आणि गिअर उजव्या हाताला, पहिला दिवस मी वळणावर सारखा चुकत होतो. ऑटोमॅटिक हवी तर आधीच बुक करा.
आम्ही ऑक्टोबरात गेलेलो, माझं ऐका, ऑलिंपिया सोडा. ८ दिवसांत सगळं कोंबलंत तर आईचा अर्धा वेळ गाडीतच जाईल. अथेन्स ते डेल्फी साधारण १८० किमी, तिथून मेटेओराच्या पायथ्याचं कलंबाका आणखी २३० च्या आसपास, पुढे अथेन्सला परत साडेतीनशे. दोन्हीकडे दोन-दोन रात्री ठेवा. डेल्फीत अपोलोच्या देवळाखालची भिंत जवळ जाऊन बघा, चुना न घालता वेड्यावाकड्या दगडांचा गडगा रचलाय, एकेक सांधा गोलाई देऊन बसवलेला, आणि त्याच दगडांवर गुलामांना मोकळं केल्याचे लेख बारीक अक्षरात कोरलेत. मी तिथून अर्धा तास हललो नाही. वरच्या स्टेडियमचा चढ आईला नको, तोवर त्यांना म्युझियममध्ये ब्राँझचा सारथी बघू दे, त्याच्या पापण्यासुद्धा शाबूत आहेत.

गुहागरकर:
इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधी आरटीओतून काढा, विसरू नका. माझ्याकडे नव्हतं, गाडी दिली नाही, बुकिंगचे पैसे गेले ते गेलेच.
पायऱ्यांचं म्हणाल तर मेटेओराला ६ मठ चालू आहेत आणि सेंट स्टीफनला पायऱ्या जवळजवळ नाहीतच, रस्त्यावरून छोटा पूल ओलांडला की आत. बाकीच्यांना चढ आहे, होली ट्रिनिटीला १४० च्या आसपास. पण हे मठ बांधले १४ व्या शतकापासून आणि कोरलेल्या पायऱ्या आल्या १९२० च्या दशकात, तोवर माणसं शिड्यांनी नाहीतर जाळ्यात बसून दोराने वर जायची! प्रत्येक मठाचा बंदचा वार वेगळा, बघून जा. कडा हाताने चाचपून बघा, आपल्या जांभ्यासारखा नाही, नदीतले गुळगुळीत गोटे चिकटवल्यासारखा आहे.

मालवणी माणूस:
घाई करू नकात. संध्याकाळी रस्त्याकडेच्या कातळावर आईला बसवा, एकही पायरी न चढता सगळे सुळके दिसतात.

देवगडचा आंबेवाला:
ऑलिंपिया रद्द, मेटेओरा दोन रात्री. खूप आभार. आईला सेंट स्टीफनचं सांगितलं तर लगेच म्हणाली, साडी नेसून आत सोडतील ना?

गुहागरकर:
सोडतील की. पँट घातलेल्या बायकांना दारात कमरेला गुंडाळायला कापड देतात, आईंना तेही लागणार नाही. पदर तेवढा दोन्ही खांद्यांवरून घेऊ दे.